नदीपात्रातले धोंडे आणि स्किड प्लेट

उतारापर्यंतच्या कच्च्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कस लागला तो कोरड्या नदीपात्रात. डोक्याएवढे गोटे, मधूनच गुडघ्याला लागतील असे धोंडे, आणि वाट कुठली तर आधीच्या गाड्यांनी दगडांवर उमटवलेले ओरखडे बघत जायचं. एका धोंड्यावरून पुढचं चाक उतरलं आणि गाडी धाडकन पोटावर बसली. खाली वाकून पाहिलं: गाडीच्या पोटाला दगडांपासून जपणाऱ्या स्किड प्लेटला हातभर ओरखडा, तिच्या वरचं इंजिन ऑइलचं चेंबर मात्र सहीसलामत. निघण्याआधी कंपनीचा पातळ पत्रा काढून ३ मिमी स्टीलची प्लेट टाकली होती आणि तिला आतून दोन उभ्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्या होत्या. माझ्या मते वाचवलं ते त्या पट्ट्यांनी. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो हे खरं, पण वजनही दुप्पट होतं. पट्ट्यांनी तो ताठपणा थोडक्या वजनात मिळतो.

सोबतच्या गाडीला ६ मिमी अ‍ॅल्युमिनियम होतं. चौरस मीटरला सुमारे १६ किलो. माझं स्टील साडेतेवीस. हलकं खरं, पण मऊ. धारदार दगड त्यात रुततो, स्टीलवरून घसरून जातो. तरी तिचा खरा घोळ बोल्टचा झाला. बाहेर आलेली डोकी घासून गुळगुळीत झाली होती. मुक्कामी तेल गळतंय का बघायला प्लेट उतरवायची, तर पाना बसेचना! छिन्नी-हातोड्यावर अख्खी संध्याकाळ गेली. म्हणून डोकी प्लेटच्या आत दबलेली ठेवा आणि बोल्ट निदान ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, घ्या.

या वाटेने जाणार असाल तर प्लेट चॅसिसला आणि क्रॉसमेंबरला (चॅसिसच्या आडव्या दांडीला) धरा, गिअरबॉक्सच्या बॉडीला नको. ओतीव धातू दणक्याने तडकतो. चेंबर आणि प्लेट यांच्यात बोटभर तरी फट हवी, कारण प्लेट थोडी वाकणारच. दोन प्लेट असतील तर पुढचीची मागची कड दुसरीच्या खालून घ्या, नाहीतर सांध्यात दगड अडकतो. तेल काढायच्या ड्रेन प्लगसमोर प्लेटला भोक पाडून घ्या. आणि मुक्कामाला पोचलात की, गाडी जरा निवल्यावर, प्लेटवर साचलेलं वाळलं गवत काढा. सायलेन्सरच्या पाइपाजवळ ते पेट घेऊ शकतं.