एका जोकचे आठ महिने

२०२२च्या जूनमध्ये खारला पहिल्यांदा स्टँडअप कॉमेडीचा ओपन माइक केला, म्हणजे नवख्यांनी मंचावर आपले जोक करून बघायचा कार्यक्रम. ऑफिस सुटल्यावर डोंबिवलीला न जाता दादरला गाडी बदलली. समोर पंचवीसेक माणसं, त्यातले निम्मे आपल्या नंबरची वाट बघणारे कॉमिकच. प्रत्येकाला चार मिनिटं. शेवटचं मिनिट उरलं की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतात. तो दिसला तेव्हा माझा पहिलाच जोक चालू होता.

दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये रेकॉर्डिंग ऐकलं. स्वतःला असं ऐकणं जड जातं, पण मी जे काही शिकलो ते त्यातूनच. जोक निरोप घेणाऱ्या पाहुण्यांचा होता. घर, सोफा, काकांचा स्वभाव, सगळं सांगण्यात एक मिनिट चाळीस सेकंद गेले होते आणि कुणी हसलं नव्हतं. मग आठवड्याला दोन-तीन माइक, दर वेळी तोच जोक, दर वेळी एखादं वाक्य कमी. उरलं एवढंच: 'काका निघतो म्हणाले तेव्हा मी आठवीत होतो. चप्पल घातली तेव्हा माझं ग्रॅज्युएशन झालं होतं.'

हे सगळं मी हिंदीत करायचो. लोक हसायचे, पण बेतानं. मराठीत करू का विचारलं, तर एक आयोजक म्हणाला, 'मराठी कोण ऐकणार?' ते मला फार लागलं. भाडिपा या मराठी यूट्यूब चॅनेलच्या मंचावरचं मराठी स्टँडअप यूट्यूबवर लाखो लोक बघत होते. माझ्या घरचेच बघत होते.

फेब्रुवारीत पुण्यात मराठी माइक मिळाला. तिथं बोलता बोलता नवीनच वाक्य तोंडात आलं: 'आपल्याकडे जाणारा माणूस येतो म्हणतो. आणि आमचे काका शब्दाला जागतात.' अख्खी खोली हसली. हा जोक हिंदीत होणारच नव्हता, कारण तो त्या 'येतो'मध्येच होता. आठ महिने मी चुकीच्या भाषेत वाक्यं कापत होतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईची कॉमिक उरूज अश्फाक हिला एडिंबरा कॉमेडी अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला. खूप आनंद झाला. आणि लगेच हिशेब केला: तिथले शो साधारण तासाभराचे असतात, माझ्याकडे तेव्हा नऊ मिनिटं होती.

आता अठरा आहेत. बाराव्या मिनिटाला, आईच्या डब्याच्या गोष्टीत, लोक गप्प होतात. गुरुवारच्या माइकला ती गोष्ट डबा उघडण्यापासूनच सुरू करून बघणार आहे.