बदकांचा गेम

गणपती जवळ आले की माळ्यावरून मखर खाली काढायचं काम माझ्याकडे असतं आणि दरवर्षी मखर सोडून बाकी सगळं आधी खाली येतं. यंदा एका खोक्यातून बंदूक निघाली. काळी, प्लास्टिकची, वायरीला बांधलेला रबरबँड विरघळून वायरीलाच चिकटलेला. गेम नाही, रिमोट नाही, एकही कॅसेट नाही, अडॅप्टर तर तेव्हाच जळला होता. नुसती बंदूक. रविवारची दुपार, पोटात मिसळ, आणि मी स्टुलावर उभा राहून खट् खट् ट्रिगर दाबतोय. आवाज अगदी तोच!

ज्यांच्या घरी तो चायनाचा टीव्ही गेम होता त्यांना पुढचं सांगायची गरजच नाही. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. फुंकरीने काही होत नाही, उलट तोंडातल्या ओलाव्याने पिना खराब होतात आणि गेम चालू होतो तो काढून परत नीट बसवल्यामुळे, हे मी नंतर वाचलं. पण गुडघा फुटल्यावर आई फुंकर मारायची त्याने तरी काय होत होतं.

आमचा गेम पप्पांनी ९९ च्या मे महिन्यात नाशिकच्या शालिमारवरून आणला. सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, एक पोर्टेबल टीव्ही, मी आणि ताई. कॅसेटवर लिहिलेलं ९९९९ इन १, खरे गेम मोजून वीसेक, तेच फिरून फिरून परत यायचे. मारिओ, कॉन्ट्रा, टँक, आणि बदकांचा गेम. याचं खरं नाव डक हंट, निन्टेन्डोने १९८४ मध्ये काढला, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. नावांचं आमच्याकडे असंच. स्टॉपजवळच्या पार्लरमध्ये ज्याच्यासाठी आम्ही कॉइन उडवले तो कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण त्यातल्या एका हिरोमुळे तो कोणासाठीही मुस्तफाच.

तर बंदूक. खाली उतरून मी ती हॉलमधल्या मोठ्या एलईडी टीव्हीवर रोखली, उगाच. आता गेम मिळाला तरी ती या टीव्हीवर चालणार नाही. कारण ती बंदूक काही सोडतच नव्हती, ती बघायची! ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर पूर्ण काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि नळीतल्या डोळ्याला आधी काळोख मग उजेड असं त्याच क्रमाने दिसलं की बदक पडलं. डबा टीव्हीवर चित्र जागच्या जागी उमटायचं, नव्या टीव्हीला चित्र दाखवायला किंचित उशीर होतो, तेवढ्यात बंदूक बघून मोकळी झालेली असते. आणि हो, ट्यूबलाइटवर बंदूक धरून आपण जी चलाखी करायचो ती का चालायची नाही ते पण यातच आलं, तो आधीचा काळोख ट्यूबलाइट कुठून आणणार.

मला या जुन्या गेमचं सगळ्यात आवडतं ते हेच, की काहीच नव्हतं ते बनवणाऱ्यांकडे. मारिओतला ढग आणि झुडूप एकच आकार, नुसता रंग बदललेला, म्हणजे ताईच्या फ्रॉकला लेस लावून तो मावसबहिणीला. १९८५ चा तो अख्खा गेम ४० केबीत बसवलाय, आमच्या काकांचा शुभ सकाळवाला गुलाब याहून जड असतो. स्पेस इनव्हेडर्समध्ये तर, १९७८ चा, शत्रू कमी व्हायला लागले की उरलेले जोरात धावतात, तो गेम बनवणाऱ्या निशिकादो नावाच्या माणसाने मुद्दाम केलेला प्रकार नव्हता, मशीनला एवढे सगळे एकदम हलवणं झेपायचं नाही, जसजसे मरतील तसतसा भार कमी. पंगत उठत आली की वाढप्यांचे हात कसे भरभर चालतात, तसं. त्याला ते आवडलं आणि त्याने तसंच ठेवलं.

असो. दुपारभर हे सगळं मोबाइलवर वाचत लोळत होतो, मखर दारात, बायको दोनदा बघून गेली. आणि मग एक गोष्ट वाचली आणि उठून बसलो. मूळ गेमच्या पुस्तिकेतच होतं म्हणे. एकाच बदकाचा जो पहिला गेम, त्यात दुसऱ्या माणसाने रिमोट हातात घेतला तर त्याला बदक उडवता येतं. डावीकडे, उजवीकडे, पाहिजे तिकडे.

आमच्याकडे पुस्तिका कुठली, चिनी अक्षरांचं एक चिटोरं होतं. पण रिमोट होता. आणि तो कायम ताईच्या हातात असायचा. मला बंदूक पाहिजे म्हणून मीच तो तिच्याकडे दिलेला, "तू हे धर" म्हणून. माझी बदकं जायची. टीव्हीला नळी टेकवून मारलं तरी जायची, आई ओरडायची डोळे जातील, आणि वर तो कुत्रा गवतातून तोंड काढून हसायचा. त्या कुत्र्याला मी किती गोळ्या घातल्यात.

ताईला फोन लावला.

"ताई, ते बदकांच्या गेममध्ये रिमोटने..."

"तुला आत्ता कळलं?"

"तुला माहीत होतं?"

"मग, मी दोन वर्षं नुसती बसले होते का? तूच दिला होतास हातात, धर म्हणून."

बराच वेळ हसली. मग मी पप्पांचं विचारलं. पप्पा सेकंड शिफ्ट करून सातपूरवरून रात्री बाराला यायचे, आम्ही सुट्टीत जागेच, डबा ओट्यावर ठेवून एक डाव खेळायचे, कपडे पण न बदलता. आणि त्यांचं एक बदक सुटायचं नाही. पप्पांचा नेम हा आमच्या घरातला विषयच आहे, लग्नकार्यात निघतो, जावयाला सांगून झालाय, नातवंडांना पाठ आहे.

"ते होय," ताई म्हणाली. "त्यांची मी मधे आणून ठेवायचे. दमून यायचे रे."

तेवढ्यात आतून पप्पा उठून आले, चष्मा कपाळावर. टेबलावरची बंदूक उचलली, उलटसुलट बघितली, एक डोळा मिटून टीव्हीवर धरली.

"कोणाचा फोन?"

"ताईचा."

"सांग तिला बंदूक सापडली. म्हणावं, माझा हात अजून तसाच आहे."

"हो पप्पा," म्हटलं, "सांगतो."