मामांनी हात खाली घेतले

आमच्या बॉक्सिंगच्या जिममध्ये नवीन पोरगा आला की आठवडा व्हायच्या आत विचारतो, "सर, रिंगमध्ये कधी सोडणार?" आम्ही लवकर सोडत नाही. आधी पाय, मग जॅब, म्हणजे पुढच्या हाताची सरळ बुक्की, मग परत पाय. बेळगावात आमच्याकडे येणारी बहुतेक पोरं भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच, त्यामुळे घरात नाही तर भावकीत कुणीतरी फौजेत असतंच. त्यांच्याकडे दम भरपूर असतो, उभं कसं राहायचं ते शिकवावं लागतं. तालमीतून येणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. खानापूरकडचा एक पैलवान गडी होता, तोंडावर दोन हुक बसले की मान खाली घालून थेट पट काढायला जायचा. ती खोड मोडायला फार दिवस गेले. पण ती मोडल्यावर क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना मिठीत धरल्यावर, त्याला हलवणारा आमच्याकडे कुणी उरला नाही.

स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, ही मारामारीच असते हा समज काढून टाकणं हे आमचं निम्मं काम. स्पर्धेत हलक्या गटांना 10 औंसाचे आणि जड गटांना 12 औंसाचे ग्लोव्हज असतात. स्पारिंगला आम्ही 16 औंसाचे घालतो, डोक्याला हेडगार्ड, तोंडात दात वाचवणारं गमशील्ड. पोरं वाद घालतात, "सर, मोठ्या पुरुषांच्या स्पर्धेत 2013 पासून हेडगार्ड काढलंय, मग इथं कशाला?" काढलंय हे खरं. हेडगार्डनं भुवई फुटायची वाचते, आतला मेंदू हलायचा वाचत नाही, हेही खरं. पण आमच्याकडे टाके घालायला रिंगपाशी डॉक्टर बसलेला नसतो, म्हणून घालायचं. आणि मोबाइल बाहेर ठेवायचा. हल्ली स्पारिंगचे व्हिडिओ काढून टाकतात, खाली लोक लिहितात, "एका बुक्कीत झोपवला." त्या एका ओळीपायी दोन चांगली पोरं सरावात एकमेकांना फोडायला लागतात. बघणाऱ्यांचं काय जातं?

आमची खरी अडचण आहे ती जोडीदारांची. गावात 60 किलोच्या आसपासचा तयारीचा डावखुरा म्हणावा तर हाताच्या बोटावर मोजण्याइतके. समोरचा डावखुरा असला की सगळं उलटं होतं. त्याचा पुढचा पाय तुमच्या पुढच्या पायाला अडतो, तुमचा जॅब त्याच्या हातावर आपटतो, आणि त्याचा मागचा डावा हात तुमच्या उजव्या बरगडीखाली, यकृतावर, सरळ येतो. हे सांगून कळत नाही, खाऊनच कळतं. चांगला डावखुरा कोल्हापुरात आहे. कोल्हापूर शंभरेक किलोमीटर, बंगळूर पाचशे. निवड मात्र बंगळूरच्या बाजूनं, कारण आम्ही कर्नाटकाचे खेळाडू. त्यामुळे सरावाचा जोडीदार एका राज्यात आणि वजनकाटा दुसऱ्या राज्यात. 2022 च्या डिसेंबरात सीमाप्रश्न तापला, बसगाड्या थांबल्या आणि कोल्हापूरचा पोरगा यायचा राहिला. 2025 च्या फेब्रुवारीत गाड्या परत थांबल्या. पोरं आपसात कन्नड-मराठी दोन्ही बोलतात, बुक्कीला भाषा लागत नाही, पण बस लागते.

असं झालं की आम्हाला आधार मामांचा. मामा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत. दुसऱ्या पाळीला असले की सकाळी येतात. गाव गोकाककडचं, घरी कन्नड, आमच्याशी बेळगावी मराठी. वय चाळीसच्या पुढं गेलेलं, म्हणजे स्पर्धेचं दार बंद. तरुणपणीसुद्धा ते फारसे खेळले नाहीत, पाळी बुडवणं परवडत नव्हतं. पण त्यांना तुम्ही सांगा, "मामा, परवाचा समोरचा डावखुरा आहे, मागं सरकत काउंटर मारतो," की ते पाय बदलून तसेच उभे राहतात. उंच पोरासारखं लांबून खेळ म्हटलं तर लांबून, चिकटून खेळ म्हटलं तर छातीला छाती. आणि जोर अगदी हवा तेवढाच. चौदा वर्षांच्या मुलीसमोर त्यांचा हात नुसता टेकतो, तरी तिला कळतं की गार्ड कुठं उघडा पडला. राज्यस्तरावरच्या पोराला मात्र बरगडीखाली असा एक देतात की तो आठवडाभर कोपर खाली ठेवतो. इतकी वर्षं शिकवतोय, पण हे मोजमाप मला शिकवता येत नाही. ते असतं किंवा नसतं. अशा माणसाला प्रमाणपत्र नाही, मानधन नाही, कुठल्या कागदावर नावसुद्धा नाही. कागदावर फक्त पदकं मोजली जातात, ती कुणाच्या अंगावर घासून आली ते कुणी विचारत नाही. याचा मला राग आहे, आणि तो जायचा नाही.

हे लिहायला बसलो ते उन्हाळ्यातल्या एका सकाळीमुळं. राज्य निवडीला निघायला थोडेच दिवस होते. आमचा 60 किलोचा पोरगा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, हात चलाख. त्याच्या घरी सगळी भिस्त स्पोर्ट्स कोट्यावर. त्याचं एरवीचं वजन चौसष्टच्या आसपास. ते उतरवण्याबद्दल इथं जरा सांगायला पाहिजे. व्यावसायिक मुष्टियोद्धा लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर चढतो, मग दिवसभर खाऊन-पिऊन भरून निघतो. आमच्या हौशी स्पर्धेत ज्या दिवशी लढत त्याच सकाळी वजन. जिंकलात की पुढच्या लढतीच्या सकाळी परत. आठवडाभर वजनात राहायचं आणि आठवडाभर मार खायचा. त्यामुळं पाणी तोडून वजन उतरवणाऱ्याला हौशी खेळ जास्त महाग पडतो. मी पोरांना जेवण हळूहळू कमी करून उतरवायला सांगतो, आणि निघायच्या आधी किलो-दीड किलो जास्त असलं तरी घाबरू नका म्हणतो.

त्या दिवशी तीन राउंड ठरले होते. पत्र्याचं छप्पर, आठ वाजताच अंगाची लाही. पहिला राउंड पोरानं सुरेख काढला. हलका, चपळ, जॅब मारून बाजूला. मी दोरीपाशी घड्याळ घेऊन उभा, मनात म्हटलं, गडी वेळेवर रंगात आला. दुसरा राउंड अर्धा झाला असेल. पोरानं उजवा टाकला, मामांनी तो खांद्यावर घेतला, डाव्या हातानं त्याचं डोकं सहज बाजूला सारलं, आणि पुढं काहीच केलं नाही. एक पाऊल मागं गेले, दोन्ही हात खाली घेतले आणि माझ्याकडं बघितलं.

"सर, साकु, पुरे. याला घामच नाही."

मी दोरीखालून आत गेलो. पोरगा भडकला होता. "मामा, कशाला थांबवलासा? मी बरा हाय की!" मामांनी आपला ग्लोव्ह माझ्यापुढं धरला. दुसऱ्या राउंडला समोरच्याच्या हेडगार्डवर हात घसरायला लागतात, घामानं कातडं बुळबुळीत होतं, ग्लोव्हवर ओले पट्टे उमटतात. मामांचा ग्लोव्ह कोरडा होता. पोराला गमशील्ड काढायला सांगितलं. एरवी गमशील्ड निघताना लाळेची तार येते, पोरं ती बंडीला पुसतात. याचं ओठाला चिकटलं होतं. त्यानं ओढलं तेव्हा खालच्या ओठाचं साल त्याबरोबर आलं आणि कडेला पांढरी खळ दिसली. थुंकी नव्हती.

काट्यावर उभा केला. 59 किलो 700. निघायच्या आधीच! मग एकेक बाहेर पडलं. पहाटे रेनकोटवर स्वेटर घालून पळत होता, आदल्या संध्याकाळपासून पाणी नाही, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून लघवी वाढवणारी गोळी घेतली होती. ही गोळी उत्तेजकद्रव्यविरोधी यादीत बंदी असलेली आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही, हे त्याला गोळी सांगणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. तपासणीत सापडला असता तर त्याच्या कोट्यासकट सगळंच गेलं असतं. आणि ते दूर राहिलं, अंगात पाणी नसताना डोक्यावर मार घेणं हीच मुळात जिवाशी गाठ. डॉक्टरांनी सलाइन लावलं, इतके दिवस खेळायचं नाही म्हणून लिहून दिलं. मी त्याला निवडीला नेलं नाही.

त्याचे वडील आले. मोठ्यानं बोलले नाहीत, ते जास्त लागलं. "सर, पोरगं पडलं न्हाई, रक्त न्हाई, आन् तुम्ही वर्ष घालवलासा." त्यांना काय दाखवणार? कोरडा ग्लोव्ह? पडलेल्या पोराचं दुखणं सगळ्यांना दिसतं. उभ्या पोराला थांबवलं की थांबवणाराच गुन्हेगार होतो. मुलगाही मामांशी बोलेनासा झाला. चार पोरांसमोर हात खाली घेऊन आपला पाणउतारा केला, असं त्यानं मनात धरलं, आणि दुसऱ्या जिमला जायला लागला.

मामांच्या डोक्यातून ते गेलं नाही. चहा पिताना म्हणाले, "राउंड हळू खेळून संपवला असता, मग तुमच्या कानात सांगितलं असतं, तर पोरगं राहिलं असतं काय सर?" मी यावर खूप विचार केलाय. त्या राउंडचं दीड मिनिट उरलं होतं. मामा हात हलका ठेवतील यात शंका नाही. पण स्पारिंगमध्ये निम्मा मार समोरच्याचा असतो आणि निम्मा आपण धावत जाऊन घेतलेला. पोरगा त्या दिवशी आत घुसत होता, खाली वाकत होता. एका वाकण्याला मामांचं कोपर, नाहीतर डोकंच लागलं असतं. तेव्हा थांबवलं ते बरोबर, याबद्दल मला शंका नाही. मला छळतं ते दुसरंच. दोरीबाहेरून बघितलं तर कोरडा पोरगा ताजातवाना दिसतो. उतरलेलं वजन चपळाईसारखं दिसतं. पहिल्या राउंडला मी जे बघून खूश झालो, तेच मामांच्या हाताला खटकत होतं. मग इतक्या जिमांत, जिथं मामा नाहीत, तिथं हे कोण ओळखतं? पंच लढतीत ओळखतो तो पाय लटपटल्यावर. डॉक्टर ओळखतो तो रिंगखाली उतरल्यावर.

तेव्हापासून राउंड संपला की मी आधी जोडीदाराला विचारतो, खेळाडूला नंतर. "कसा वाटला हाताला?" नवी पोरं याचं उत्तर देऊ शकत नाहीत, त्यांना फक्त आपल्याला लागलं का एवढंच माहीत असतं. पण विचारून विचारून दोघा-तिघांना सवय लागतेय. एक मुलगी परवा म्हणाली, "सर, ती आज श्वास तोंडानं घ्यायलीय." बरोबर होतं. समोरचीला सर्दी होती, घरी पाठवली.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या जिमच्या कोचांचा फोन आला. निवड परत जवळ आलीय, त्या पोराला डावखुऱ्यासमोर खेळवायला कुणी नाही, मामांना पाठवाल का? मी मामांना विचारलं. त्यांनी पाळीचा तक्ता बघितला, म्हणाले, सकाळ मोकळी आहे, येतो. फक्त पोराला पहिल्यांदा काट्यावर उभा करायचा, तोंड उघडून बघायचं, मग बँडेज बांधायचं. मी तसंच कळवलं. कोच हो म्हणाले. पोरगं काय म्हणतंय ते अजून कळवलेलं नाही.