नोकरी बदलू की नको? कसं ठरवलं ते सांगते

कायमची नोकरी सोडून एका छोट्या, नव्या कंपनीत जायचं का, असा प्रश्न पडला तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. निम्मे म्हणाले, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. उरलेले म्हणाले, अशी संधी पुन्हा येत नाही. दोन्ही वाक्यं जगातल्या कुठल्याही नोकरीला चिकटवता येतात, म्हणून दोन्ही बाजूला ठेवली.

सुरुवात बेंजामिन फ्रँकलिनच्या कागदाने केली. १७७२ मध्ये इंग्लिश शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली माझ्यासारख्याच पेचात होता: लॉर्ड शेलबर्न या ब्रिटिश राजकारण्याकडची नोकरी धरावी की नाही. त्याने फ्रँकलिनला विचारलं. फ्रँकलिनने काय ठरव हे न सांगता कसं ठरव ते कळवलं. कागदाच्या मधोमध रेघ मारायची, एकीकडे बाजूचे मुद्दे, दुसरीकडे विरोधातले. तीन-चार दिवस सुचेल तसं लिहायचं आणि मग सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडायचे. (प्रीस्टलीने ती नोकरी धरली आणि तिथे असतानाच, १७७४ मध्ये, ऑक्सिजन वेगळा केला. त्यावरून पद्धत सिद्ध होत नाही हं. वाईट निर्णयाचाही निकाल कधी कधी चांगला लागतो.)

लगेच सुचले ते मुद्दे पगार आणि पदाचे. घुटमळत, उशिरा आलेले जास्त खरे होते: शिकवणारं वरती कोणी नसेल, चूक झाली तर झाकायला मोठा विभाग नसेल. मग प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला: याचं उत्तर उलट आलं तर माझा निर्णय बदलेल का? बऱ्याच ओळी तिथेच गळाल्या. कंपनीविषयी मी वाचत बसले होते त्यातलं बहुतेक या प्रश्नापुढे टिकलं नाही. राहिलं एवढंच: त्यांच्याकडे किती महिने पुरेल इतका पैसा आहे, माणसं सोडून का जातात, आणि नाही जमलं तर मला परतीची वाट आहे का.

माणसं का जातात, यात सगळ्यात जास्त वेळ गेला. कंपनीने बोलायला दिलेली माणसं अर्थातच खूश होती. मला पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाचा १९६० मधला प्रयोग आठवला. २, ४, ६ हे आकडे एका नियमात बसतात, तो नियम ओळखायचा. लोकांना वाटायचं दोन-दोनने वाढणारे, म्हणून ते ८, १०, १२ असंच विचारून ‘हो’ मिळवत राहायचे. नियम होता फक्त ‘चढते आकडे’. आपला अंदाज खोटा पडेल असं काही विचारल्याशिवाय तो कळणारच नव्हता. म्हणून मी सोडून गेलेल्यांना गाठलं. त्यांना ‘कंपनी कशी आहे?’ विचारलं की ‘चांगली आहे’ एवढंच येई. ‘राजीनामा लिहायला बसलात त्या आठवड्यात काय घडलं होतं?’ म्हटलं की लोक मोकळे होत. एकाने पगार रखडल्याचं सांगितलं, दुसरी म्हणाली कधीच रखडला नाही. दोघांचा काळ विचारला तर उलगडा झाला: रखडला होता तो नवी गुंतवणूक यायच्या आधी. मग मालकांनाच सरळ विचारलं, पैसा किती महिन्यांचा? जरा थांबून त्यांनी दीड वर्षाचा सांगितला. परतीच्या वाटेचं एका फोनमध्ये कळलं: जुन्या ठिकाणी परत घेतात.

शेवटी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये एका लेखात मांडलेली युक्ती वापरली. निर्णय घेऊन वर्ष उलटलंय आणि तो सपशेल फसलाय असं धरायचं आणि का फसला ते लिहायचं. मला वाटलं होतं, कंपनी बंद पडल्याचं लिहीन. लिहिलं भलतंच: पडेल ते काम करता करता माझं मूळ काम हातातून गेलं. ही भीती कागदावरच्या दोन्ही रकान्यांत कुठेच नव्हती. मी नेमणूकपत्रात कामाचं स्वरूप लिहून मागितलं. घासाघीस झाली, पण बरंचसं मिळालं.

मी रुजू झाले. त्यांचा धंदा पुढे चालेल का, हे त्यांनाही माहीत नव्हतं, तेव्हा ते खणत बसले नाही. सहा महिन्यांचा खर्च वेगळा काढला. वहीत त्या दिवसाची कारणं तारखेसह लिहून ठेवली आणि खाली निघायच्या अटी: पगार दोनदा रखडला, किंवा मूळ काम निम्म्याखाली गेलं, तर दुसरीकडे अर्ज सुरू.