इंग्लंडच्या भूगोलात आपली धारावी

इथे जीसीएसई म्हणजे साधारण आपली दहावी, आणि तिच्या भूगोलात गरीब किंवा नव्याने वर येणाऱ्या देशातलं एक मोठं शहर सविस्तर शिकावं लागतं. कुणी रिओ घेतं, कुणी लागोस, आमच्या लेकीच्या शाळेने मुंबई घेतलीये, आणि मुंबई म्हटलं की धारावी आलीच. माझं माहेर सायनचं, त्यामुळे तिच्या वहीत माहीम, मिठी नदी, कुंभारवाडा बघून आधी हसूच आलं.

पण शिकवायची पद्धत मला आवडली. पुनर्विकास करायचा की नाही यावर वर्गात रोल प्ले, एकजण बिल्डर, एकजण पालिकेचा अधिकारी, एकजण चामड्याच्या कारखान्यातला कामगार. कुंभार झालेल्या एका गोऱ्या मुलाने विचारलं म्हणे, की टॉवरमध्ये फ्लॅट दिलात ते ठीक पण माझी भट्टी सातव्या मजल्यावर लावू का? बिल्डर गप्प! पेपरातपण तसंच, बाजू कुठलीही घ्या, मार्क युक्तिवादाला. आपण 'भौगोलिक कारणे द्या' लिहायचो तेव्हा कारण गाईडातच ठरलेलं असायचं.

गंमत म्हणजे अख्खा वर्ग काहीही अडलं की लेकीकडे बघायचा, जणू ही धारावीतच वाढलीये. ती धारावीत कधी पाय ठेवलेली नाही, एअरपोर्टवरून आजीकडे जाताना टॅक्सीतून बघितली असेल तेवढीच. शेवटी तिने आजीला व्हिडिओ कॉल करून दिवाळीच्या पणत्या कुठून आणता वगैरे विचारून घेतलं.

एक खटकलं मात्र. त्याच अभ्यासक्रमात ब्रिटनमधल्या शहराचा कायापालट पण आहे, आमच्या शाळेत पूर्व लंडनमधलं स्ट्रॅटफर्ड, 2012 च्या ऑलिंपिकवालं. तिथे पार्क, स्टेडियम, नवी घरं, मॉल सगळं कौतुकाने येतं, पण त्यासाठी 2007 मध्ये क्लेज लेन नावाच्या हाउसिंग को-ऑपमधले चारशेच्या वर लोक हलवले, शेजारचे मॅनर गार्डन्सचे भाजीचे वाफे उखडले, त्यांच्यावर रोल प्ले नाही. दुसऱ्याच्या जागी उभं राहायला शिकवायचं तर ती जागा नेहमी हजारो मैल लांबचीच का असावी, लंडनचा माणूस पण बेघर होतोच की! पेरेंट्स इव्हिनिंगला सरांना सुचवणार आहे, लेक म्हणते आई प्लीज नको, पण मी विचारणारच.