तुम्ही विचारलंत म्हणून: मी नेमकी कुणाच्या बाजूची?

चळवळीतले विचारतात, कारखान्यातले विचारतात, परवा मावसभावानंही विचारलं. पर्यावरणाचं बोलतेस, मग कंपन्यांचे पैसे कसे घेतेस?

घेते. नव्या प्रकल्पावर लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी होते. तिच्याआधी प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश गावात ठेवावा लागतो, केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेतच तसं आहे. तो कुणीतरी लिहिणारच. गावाला कळेल असा लिहिणारी माणसं फार नाहीत. आणि नुसत्या संशोधनावर माझं घर चालत नाही, हेही खरं.

दक्षिण सोलापुरातल्या एका आसवनीची, म्हणजे डिस्टिलरीची, सुनावणी होती. एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे मळीचं घाण सांडपाणी, निघतं. त्याच्या साठवण तलावाचं अस्तर फाटलं, तर ते पाणी कोणत्या ओढ्यानं कोणत्या विहिरींकडं उतरेल, हा परिच्छेद मी वस्त्यांवर फिरून लिहिला होता. छापून आला तेव्हा तिथं एकच ओळ उरली होती, 'योग्य त्या उपाययोजना केल्या जातील.' मांडवात अपर जिल्हाधिकारी बसलेले. एक आजोबा उठले. माईककडं न जाता सरळ माझ्यापुढं आले आणि कागदावर बोट ठेवलं. "बाई, तुमी आमच्या हिरीत दोर सोडून पानी मापलं. ते ह्यात कुठं हाय?" शेजारचा सल्लागार कंपनीचा माणूस हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही बोलायचं नाही." मी उभी राहिले. परिच्छेद होता, तो छापताना काढून टाकला, आणि त्यात काय होतं, ते सगळं सांगितलं. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात, त्यात माझं म्हणणं आलं. आजोबांनी मान हलवली, बस्स. माझं उरलेलं बिल मिळालं नाही, त्या लोकांनी पुन्हा बोलावलं नाही. चळवळीतल्यांनी मला आपली मानलं आणि पुढच्या कंपनीचं काम घेतल्यावर बोलणंच टाकलं.

सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर संशोधन करत होते तेव्हा मी कंपन्यांच्या पैशाला शिवणार नव्हते. त्या वेळची मी आज समोर आली तर म्हणेल, पैसे देणाऱ्याच्याच हातात खोडरबर असतं. बरोबर आहे तिचं. पण तिथंच तिनं काय पाहिलं? १९७९ ला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं, लोकांच्या शेतजमिनींसकट. पुढं ते साधारण १,२२२ वर आणलं. तोवर जमिनीच्या व्यवहाराला परवानगी का लागते, हे शेतकऱ्याला धड मराठीत सांगायला कोण गेलं होतं? तिथं कंपनी नव्हती, पैसाही नव्हता. तरी माणसं अंधारातच होती. यावर तिच्याकडं उत्तर नाही. खोडरबरावर माझ्याकडं नाही.

आता करारात अट घालते. विहिरी, ओढे, वस्त्या यांबद्दलचा मजकूर मला विचारल्याशिवाय बदलायचा नाही. काही जण मान्य करतात, काही तिथंच फोन ठेवतात. मोहोळकडच्या एका कामाचा मसुदा कालच आलाय, त्यात ती अट गाळलेली आहे. काम सोडलं तर तो सारांश कोण लिहील, हेही मला ठाऊक आहे. अजून सही केलेली नाही.