गळ्याची सोनोग्राफी झाली, कॉलरचं काय?

कॅथलॅब म्हणजे एक्स-रेखाली अँजिओप्लास्टी होते ती खोली. तिथे रोज रेडिएशनजवळ काम, म्हणून गेल्या महिन्यात आम्हा कॅथलॅबवाल्यांची थायरॉइडची सोनोग्राफी झाली. टेक्निशियन, सिस्टर, वॉर्डबॉय, सगळ्यांची. नवीन लागलेल्या एका सिस्टरला शंका, यातही रेडिएशन असेल का? नसतं गं बाई, ध्वनिलहरी असतात.

'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या बोर्डाखाली मान मागे टाकून पडले. गार जेल, त्यावर प्रोब. डाव्या बाजूला चार मिलिमीटरची गाठ निघाली. रेडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, "टायरॅड्स दोन आहे, म्हणजे कॅन्सरचा संशय नाही. सुई घालायची गरज नाही. तुमच्या वयाच्या बायकांच्या गळ्यात शोधलं की सापडतंच काहीतरी." तरीही घरी येऊन दोन दिवस आरशात गळा चाचपला, ते वेगळं.

शोधलं की सापडतं, याची मोठी गोष्ट कोरियात घडली आहे. तिथे १९९९पासून सरकारी कॅन्सर तपासणीला जोडून थोड्या जास्तीच्या पैशात गळ्याची सोनोग्राफी होऊ लागली. २०११ साली थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३च्या पंधरापट झालं होतं आणि मृत्यू जवळपास तेवढेच. बहुतेकांच्या ग्रंथी मात्र निघाल्या आणि गोळ्या जन्माच्या मागे लागल्या. त्रास नसलेल्यांनी ही तपासणी करू नये, असं अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१७ साली सांगितलं. पण रेडिएशन लागलेल्यांना त्या सल्ल्यातून वगळलंय. म्हणजे आमच्यासारख्यांनी ज्याचं त्याने, डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

माझं भांडण तपासणीशी नाहीच. आमचा टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला किती रेडिएशन लागलं ते मोजणारा बिल्ला, छातीवर, शिशाच्या (लेड) एप्रनच्या आत असतो. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट येतो. पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (हे रेडिएशनचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३०, या मर्यादेच्या तो खूपच खाली असतो. सगळे खूश. पण तो बॅज एप्रनमधून आत आलेलं मोजतो, आणि गळा तर एप्रनच्या वर, उघडा! अँजिओप्लास्टी लांबली, फ्लुरो, म्हणजे सलग दिसणारा एक्स-रे, चालूच राहिला, की पेशंटच्या अंगावरून उसळणारं रेडिएशन, स्कॅटर, तिथेच येतं. त्यासाठीच गळ्याभोवती बांधायची शिशाची कॉलर असते.

आमच्याकडच्या निम्म्या कॉलरचं वेलक्रो गेलंय. सिस्टर मागून चिकटपट्टी लावतात. एक कॉलर कोणीतरी घडी घालून कपाटात कोंबली होती. फ्लुरोखाली धरली तर घडीच्या जागी सरळ पांढरी भेग. ती बाद झाली, बदली आली नाही. उरल्या त्या पुरुषांच्या मापाच्या. बारीक मानेच्या मुलीच्या गळ्यापुढे, खालच्या बाजूला चांगली दोन बोटं फट राहते, ग्रंथी नेमकी तिथेच.

सोनोग्राफी कॅम्पचा फोटो नोटीस बोर्डावर लागलाय. कॉलरचा इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, दिवाळीपासून पर्चेसमध्ये पडून आहे. काल परत विचारलं तर म्हणे, "मॅडम, तीन कोटेशन लागतात." दोन आणलीत. तिसरं कोणाकडे मिळेल, ठाऊक असेल तर कळवा. लहान माप ठेवणारा हवा.